करदाता कोण? दौलताबादच्या पायथ्याशी बसून वाचायचा प्राप्तिकर

करांचा इतिहास म्हटलं की बहुतेक विद्यार्थी दराकडे धावतात. किती टक्के, कुठल्या साली वाढला, कधी कमी झाला. दराचे तक्ते तुम्हाला कुठेही मिळतील. तुम्ही आधी दुसरा प्रश्न विचारा: कर कुणावर? माणसावर, कुटुंबावर, धंद्यावर, जमिनीवर, की कागदावरच अस्तित्वात असलेल्या कंपनीवर? या प्रश्नाचं उत्तर बदललं की दफ्तर बदलतं आणि दफ्तर बदललं की तुमचा प्रबंधही बदलतो.

उदाहरणासाठी दौलताबाद घेऊ. साल १९५०. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळाची बाग असलेला एक शेतकरी आहे. खुलदाबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात हातकागद करणारा कारागीर आहे. शहरात कापडाची पेढी चालवणारं एकत्र कुटुंब आहे आणि एका कापडगिरणीचे भागधारक आहेत. ही चार माणसं मी नमुन्यादाखल कल्पिली आहेत, पण त्यांच्याभोवतीचे कायदे खरे आहेत. चौघांच्या हातात समजा सारखेच पैसे पडले. प्राप्तिकर कुणाला लागेल?

थोडं मागे जाऊ. जुन्या राजवटींना 'उत्पन्न' ही गोष्टच दिसत नव्हती. त्यांना जमीन दिसायची, पीक दिसायचं, माग किंवा दुकान दिसायचं. मलिक अंबरने निजामशाहीत जमाबंदी बसवली. त्यात जमिनीची प्रत पाहिली जाई आणि मक्त्याने वसुली देण्याची पद्धत मोडली गेली. या जमाबंदीचं कौतुक तुम्ही वाचलं असेलच. ते रास्तही आहे. पण तिचा विषय जमीन होता. कारागीर आणि दुकानदार यांच्यासाठी मोहतर्फा होता. तो धंद्यावर बसे. वर्षाअखेरीस त्या माणसाच्या हाती काय उरलं, हे कुणी मोजत नसे.

ते मोजण्याचा खटाटोप इंग्रजांनी केला. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली होती. जेम्स विल्सनने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला, तो पाच वर्षांसाठी. नंतर तो गेला, वेगवेगळ्या नावांनी परत आला, पुन्हा गेला. १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला, आणि त्याच कायद्याने शेतीचं उत्पन्न बाहेर ठेवलं. शेतकरी सारा भरतोच, मग दुहेरी भार कशाला, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. १८६० च्या कायद्यात ही सूट नव्हती, हे टिपून ठेवा. 'शेतीवर पहिल्यापासूनच कर नाही' असं वाक्य परीक्षेच्या उत्तरांत सर्रास येतं, आणि ते चूक आहे.

पण थांबा. यातलं काहीच दौलताबादला लागू नव्हतं! हा सगळा मुलूख निजामाचा. मनमाडहून गाडीत बसून दौलताबाद स्टेशनात उतरलं की कायदा, नाणं आणि सालगणना तिन्ही बदलायचं. हैदराबाद संस्थानाचा प्राप्तिकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे साधारण ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ या सालातला. तारखा नीट बघा: पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ ची. राज्य बुडायच्या बेतात होतं आणि त्याच वर्षी प्राप्तिकराचा कायदा होत होता.

मग २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद 'ब' वर्गाचं राज्य झालं. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने १ एप्रिल १९५० पासून भारताचा १९२२ चा प्राप्तिकर कायदा इथे आणला. जुना कायदा मात्र एका फटक्यात मेला नाही. आधीच्या काळाच्या उत्पन्नापुरता तो जिवंत राहिला. म्हणजे एकाच व्यापाऱ्याच्या एका वर्षाच्या वह्या एका कायद्याने आणि पुढच्या वर्षाच्या दुसऱ्या कायद्याने तपासल्या जाऊ शकत होत्या. दर एकदम चढू नयेत म्हणून सवलतींचा वेगळा आदेश निघाला, अडचणी निवारण्याचा आणखी एक निघाला.

आता वह्यांची गंमत. संस्थानाचं नाणं हाली, इंग्रजी रुपया कलदार. शंभर कलदारांना ११६ हाली रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सात हालींना सहा कलदार. सरकारी वर्ष फसली, व्यापाऱ्याचं दिवाळी ते दिवाळी, नव्या कायद्याचं एप्रिल ते मार्च. तुम्ही या काळातल्या रकमांची तुलना करणार असाल तर पहिला तक्ता नाण्यांचा आणि सालांचा करा. नाहीतर साधारण चौदा टक्क्यांची 'घट' सापडते, तिच्यावर आख्खं प्रकरण लिहिलं जातं, आणि ती घट निव्वळ हालीचं कलदार झाल्याची असते.

या संक्रमणातली खरी भांडणं कंपन्यांच्या कागदांत दिसतात. हैदराबादच्या दिवाण बहादूर रामगोपाल मिल्सचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद घसाऱ्याचा होता. यंत्रं जुनी, त्यांची झीज संस्थानी कायद्याखाली आधी किती धरली गेली आणि नव्या कायद्याखाली किती शिल्लक धरायची? विषय रुक्ष वाटेल. पण राजकीय विलीनीकरण म्हणजे नेमकं काय, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा या घसाऱ्याच्या वादात जास्त कळतं.

व्यक्ती आणि कंपनी यांच्यातली रेषा कशी आखली गेली, हे पाहायला मात्र मुंबईला जावं लागतं. १९१७ पासून मोठ्या उत्पन्नावर अधिकर आला. व्यक्तीसाठी तो पायऱ्यापायऱ्यांनी चढायचा, कंपनीला दर सपाट. मग श्रीमंत माणूस काय करील? सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी चार खासगी कंपन्या काढल्या आणि आपल्या गुंतवणुका त्यांच्या नावे केल्या. उत्पन्न कंपन्यांकडे जाई आणि 'कर्ज' म्हणून त्यांच्याकडे परत येई. १९२७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की या कंपन्या म्हणजे स्वतः पेटिटच. १९३० मध्ये कायद्यात कलम २३अ घातलं गेलं. काही कंपन्यांनी नफा वाटला नाही तरी तो वाटला असं धरून भागधारकांवर कर बसवायची वाट त्याने मोकळी केली.

याच्या उलट बाजूचा खटला बच्चा गझदर यांचा. त्या मुंबईच्या, त्यांचे भाग चहाच्या कंपन्यांत. चहाच्या उत्पन्नाचा साठ टक्के हिस्सा शेतीचा, म्हणून करमुक्त, आणि चाळीस टक्के करपात्र. त्यांचं म्हणणं असं: माझ्या लाभांशातलाही साठ टक्के हिस्सा शेतीचाच की! १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. जमिनीशी नातं कंपनीचं आहे, भागधारकाचं नाही. त्याला मिळतो तो लाभांश, आणि तो येतो कंपनीशी असलेल्या करारातून.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. पेटिटांना कंपनी वेगळी हवी होती, न्यायालयाने एक धरली. गझदरांना एक हवी होती, न्यायालयाने वेगळी धरली. दोन्ही वेळा खातं जिंकलं, आणि यातून खात्याची दांडगाई सिद्ध होते असं लिहायचा मोह होतो. मला ते पटत नाही. पेटिटांच्या कंपन्यांना त्यांच्यापलीकडे धंदा नव्हता. चहाच्या कंपन्या खरोखर मळे चालवत होत्या. तुम्ही असहमत असाल तर निकालपत्रं मुळातून वाचा, सारांशावर विसंबू नका.

आता परत आपल्या चौघांकडे. गिरणीचा भागधारक: कर लागू. पेढीचं कुटुंब: १९२२ च्या कायद्यात 'अविभक्त हिंदू कुटुंब' हा स्वतंत्र करदाता आहेच, तेव्हा कर लागू, पण बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे नव्हे, कुटुंबाच्या. कागजीपुऱ्याचा कारागीर: कर लागू, पण उत्पन्न किमान मर्यादेच्या वर गेलं तरच. आणि सीताफळवाला? बाग लावली, आळी केली, पाणी घातलं, तर शेतीचं उत्पन्न, प्राप्तिकर नाही. पण डोंगरउतारावर आपोआप उगवलेल्या झाडांची फळं नुसती तोडून विकली तर? १९५७ मध्ये राजा विनयकुमार सहसराय यांच्या जंगलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली: जमिनीवर मशागतीची मूळ कामं झालेली हवीत. आपोआप उगवलेल्याला सूट नाही. झाडावरची फळं घाऊक विकत घेणारा व्यापारीही तिच्याबाहेर. फळ तेच, करंडी तीच, करदाते तीन तऱ्हेचे.

शेतीवर कर बसवायचा अधिकार राज्यांकडे होता, आणि महाराष्ट्राने १९६२ मध्ये तसा कायदाही केला. तो पुढे रद्द झाला. त्यात शिरायला इथे जागा नाही.

संशोधनाच्या दृष्टीने खरी पंचाईत पुढे आहे. १९२२ च्या कायद्याचं कलम ५४ करदात्याची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. ती फोडणं गुन्हा होता. त्यामुळे तुमच्या हाती येतात ते न्यायालयात गेलेले, म्हणजे वकील परवडणारे. गिरणी दिसते, सरदार घराणं दिसतं. सीताफळवाला कायद्याने बाहेर, कारागीर मर्यादेखाली. दौलताबादचा आर्थिक इतिहास निव्वळ प्राप्तिकराच्या निकालांवरून लिहिला तर त्यात दौलताबादची बहुतेक माणसं नसतील.

त्यांच्यासाठी साऱ्याची कागदपत्रं बघावी लागतील, आणि ती तुम्हाला मराठवाड्याबाहेरही शोधावी लागतील. संस्थानी कारभार उर्दूतून चाले, आधीचा फारसीतून. हैदराबादच्या पुराभिलेखागारात जायचं ठरवलंत तर निदान उर्दू आकडे आणि महिन्यांची फसली नावं आधी पाठ करून जा. आजूर, दै, बहमन अशी ती सुरू होतात.