अनवाणी पायांची शर्यत

१९६० सालच्या १० सप्टेंबरची ती रात्र. रोमच्या रस्त्यावर सैनिक मशाली धरून उभे, आणि त्या उजेडात इथिओपियाच्या बादशहाच्या रक्षकदलातला शिपाई अबेबे बिकिला सव्वीस मैलांची मॅरेथॉन धावतो आहे. तीही अनवाणी! नवे जोडे पायांना बसेनात, म्हणून काढूनच टाकलेले. शेवटी शेवटी अक्सुमचा दगडी स्तंभ आला. मुसोलिनीच्या इटलीने इथिओपिया जिंकून १९३७ साली हा स्तंभ उचलून आणला होता. नेमका तिथेच बिकिलाने वेग घेतला आणि मोरोक्कोच्या राडीला मागे टाकले. वेळ २ तास १५ मिनिटे १६ सेकंद, जागतिक उच्चांक! १९६४ साली टोकियोतही तोच पहिला, आणि आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. १९६९ साली मोटार-अपघातात मात्र कमरेखालचे अंग लुळे पडले. १९७३ साली तो वारला. स्तंभ अक्सुमला परतला, तो २००५ साली.