अलीगढचे वसतिगृह आणि पालकांची चिंता

मुलाला शिकायला परगावी धाडायचे म्हटले की आपला पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. तो राहील कुठे, जेवील काय, नमाज पढेल की नाही, हाच असतो. सर सय्यद अहमद खान यांनी ही चिंता ओळखली होती. १८६९-७० साली इंग्लंडमध्ये असताना त्यांनी केंब्रिज पाहिले; तेथे विद्यार्थी व गुरुजन एकाच आवारात राहत. १८७७ साली अलीगढच्या कॉलेजची कोनशिला बसली. इमारतीही त्याच धर्तीच्या झाल्या. मोठा चौक, भोवती खोल्यांच्या रांगा, पुढे व्हरांडा, वर्ग हाकेच्या अंतरावर आणि त्याच आवारात मशीद. पैशाची चणचण होतीच. देणगीदारांची नावे दगडात कोरून बांधकाम पुढे सरकले.

मुलींचे काम याहून अवघड. शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली अलीगढला मुलींची शाळा काढली. (कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग निघाले तेही याच साली.) मुली पडद्याच्या डोलीतून शाळेत येत. पण परगावच्या मुलींचे काय? १९१४ साली उंच भिंतींच्या आत त्यांचे वसतिगृह सुरू झाले. माझ्या मते पालकांचा विश्वास नुसत्या भिंतींनी बसला नाही. वहीद जहाँ बेगम स्वतः मुलींसोबत राहिल्या, त्यांचे जेवणखाण, आजारपण पाहिले. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत. त्याच शाळेचे पुढे विमेन्स कॉलेज झाले.

आपल्यापुढे कुठल्याही वसतिगृहाचा नकाशा आला, तर रेक्टरबाईंची खोली कुठे दाखवली आहे, हे आधी विचारा.