लोणार आणि एका मुलीचा प्रश्न

आमच्या निफाडला विहीर खणताना माती संपली की काळा पाषाण लागतो. तो सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. हे शिकवताना माझी छडी नकाशावर आपोआप बुलढाण्याकडे वळे. "आणि हे लोणार, ज्वालामुखीचे मुख!" असे मी बिनदिक्कत सांगत असे.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, इतक्या कोटी वर्षांत ते तळे गाळाने बुजले कसे नाही?" मला उत्तर येत नव्हते. मी तिला "बस खाली" म्हणालो.

ज्वालामुखीचे मोठे सरोवर होते कसे? जमिनीच्या पोटातला शिलारस मोठ्या स्फोटांनी बाहेर पडला, की वरचे छत आधार सुटून कोसळते आणि त्या खळग्यात पावसाचे पाणी साठते. सुमात्रातले तोबा सरोवर असेच झाले. लांबी सुमारे १०० किलोमीटर! दख्खनचा लाव्हा मात्र पातळ. तो लांबच लांब भेगांतून शांतपणे पसरला, थरावर थर चढत गेले.

१८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने अ‍ॅरिझोनातल्या विवराशी त्याचे साम्य ओळखले. पण ते विवरही तो वाफेच्या स्फोटाचेच मानत होता. साम्य बरोबर, निष्कर्ष चुकला.

अखेर सरोवरात भोके पाडून तळाचा खडक वर काढला गेला. त्यातल्या काही खनिजांची प्रचंड दाबाने काच झालेली होती. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, उल्का आदळल्यावर होतो. हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. मी खडू हातात घेतला तोही त्याच वर्षी! म्हणजे पहिल्या दिवसापासून मी शिळे ज्ञान वाटत होतो.

विवराचे वय आधी सुमारे ५० हजार वर्षे मानत. नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास आले. कोणतेही धरा, लाव्हा थंडावून कोट्यवधी वर्षे लोटल्यावर हा खड्डा पडला. म्हणून तो अजून बुजलेला नाही.

त्या मुलीचा प्रश्नच खरे तर उत्तर होते. आज तीही पन्नाशीला आली असेल. हे तिच्या वाचनात आले तर एवढेच सांगतो : बाई, तुझे बरोबर होते. उभी राहा.