बॅकगॅमन स्पर्धांचे आयोजन

फासे व सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या बॅकगॅमनच्या स्पर्धांची मांडणी व व्यवस्थापन. आधुनिक आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा पाया अलेक्सिस ओबोलेन्स्की यांनी १९६४ मध्ये बहामा बेटांवर घातला. १९७९ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा माँटे कार्लोत भरू लागली. फाशांच्या लहरीने एखाद्या डावात नवखाही कसलेल्याला हरवतो, म्हणून सामना ७, ९, ११ अशा ठरावीक गुणांपर्यंत चालतो. गुण दुप्पट करणाऱ्या ठोकळ्यामुळे तो कधी चार डावांत आटोपतो, तर कधी लांबतच जातो; वेळापत्रक आखणाऱ्याची खरी डोकेदुखी हीच. त्यावर उपाय म्हणून घड्याळ लावतात : दर चालीला १२ सेकंदांची सूट आणि सामन्याच्या प्रत्येक गुणामागे साधारण २ मिनिटांचा राखीव वेळ, अशी पद्धत रूढ आहे.

खेळाडू खुल्या, मध्यम व नवोदित गटांत विभागतात. प्रवेश शुल्क बक्षीस निधीत जाते. आयोजनखर्चासाठी नोंदणी शुल्क बहुधा वेगळे असते. मुरलेल्यांनी खालच्या गटात शिरून बक्षिसे लाटू नयेत म्हणून गटबदलाचा अधिकार संचालकाकडे असतो. हरलेल्यांसाठी सांत्वन फेऱ्या असतात. सोडत, पुढे चाल आणि निकालनोंद ही कामे आता संगणक प्रणाली करते. पूर्वी त्यासाठी भिंतीवर भला मोठा तक्ता लागे.