सहा कोंबड्यांची गोष्ट

वृषण काढलेला कोंबडा आरवत नाही, झुंजत नाही, कोंबड्यांच्या मागे लागत नाही. त्याचा तुराही फिका, आखूडच राहतो. अंग मात्र गुबगुबीत होतं. युरोपातल्या कोंबडीपालकांना हे शतकानुशतकं ठाऊक होतं. अ‍ॅरिस्टॉटलनेही त्याची नोंद केली आहे. मऊ मांसाला गिऱ्हाईक मिळत होतं, मग कारण विचारतो कोण?

ते विचारलं आर्नोल्ड बर्टहोल्ट यांनी, जर्मनीतल्या ग्योटिंगन इथे, १८४९ साली. प्रयोगाला कोंबडे होते अवघे सहा. काहींचे दोन्ही वृषण काढले. ते अपेक्षेप्रमाणे थंडावले. दोघांवर मात्र निराळाच खेळ केला. त्यांचेही वृषण काढले, पण प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्याचा एक वृषण ठेवून दिला. हे दोघे ऐटीत वाढले. लालभडक तुरा, खणखणीत बांग, भांडणाची खुमखुमी, सगळं जागच्या जागी!

पुढे चिरफाड केली, तेव्हा वृषण आतड्याला चिकटून जगलेला दिसला. त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. जुने मज्जातंतू मात्र तुटलेलेच होते. म्हणजे निरोप मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून जात होता.

बर्टहोल्ट यांनी हे जेमतेम चार पानांत छापलं आणि ते विस्मरणात गेलं. कोंबडं आरवलं खरं, पण तांबडं फुटायला अर्धशतक लागलं. १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा रक्तातून जाणाऱ्या निरोप्यांना ‘हॉर्मोन’ म्हटलं. कोंबड्याला ऐट देणारं टेस्टोस्टेरॉन हाती आलं १९३५ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला, आणि तेही बैलांच्या वृषणांतून.