डोंगरांतील शिक्षक आणि बढतीची वाट

तोरण्याच्या पायथ्याचें वेल्हें आणि त्याच्या आसपासचें कानंद व गुंजण मावळ हा मुलूख शिवचरित्रामुळें प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचा आहे. तेथील गडांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. त्या गडांखालच्या वाड्यांत मुलांना अक्षरें गिरवावयास लावणाऱ्या मास्तरांची हकीगत मात्र क्वचितच निघते. हा मास्तर एकदां वर चढूं लागला, कीं डोंगर सोडून जातो. हा दोष त्याचा नव्हे. ज्या शिडीनें त्याला चढावयाचें, तिची रचनाच तशी आहे, आणि ती रचना फार जुनी आहे.

जुन्या पंतोजीला शिडीच नव्हती. धान्य, सणावाराचा शिधा आणि पालक देतील तें वेतन, एवढ्यावर त्याचा जन्म जाई. त्याच्यावर तपासनीस नव्हता, म्हणून त्याला बढतीहि नव्हती. १८२६ सालीं जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या हाताखालीं तयार झालेले चोवीस शिक्षक मुंबई इलाख्यांत पाठविण्यांत आले. त्यांतले चौदा मराठी मुलखासाठीं होते. पगारी शिक्षकाचा आपल्याकडील पंथ येथून सुरू झाला. पुढें १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५५ सालीं विद्याखातें निघालें, आणि शिक्षक, डेप्युटी, इन्स्पेक्टर, डायरेक्टर अशा पायऱ्या बांधल्या गेल्या.

ह्या पायऱ्यांनीं मराठीचें पुष्कळ भलें केलें. पोंभुर्ल्याहून आलेले बाळशास्त्री जांभेकर अध्यापक झाले, शाळांचे तपासनीस झाले, आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचा भारहि त्यांच्याकडे आला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेंत शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर तेथील ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख झाले. परंतु ह्या सर्व चढाची दिशा एकच होती: गांवाकडून शहराकडे, आणि वर्गाकडून कचेरीकडे. जो खालीं राहिला तो मागें पडला, असेंच खात्याचें गणित झालें.

ह्या गणितावर खरें बोट ठेवलें तें जोतीराव फुले ह्यांनीं. १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें, त्यांतील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकासंबंधींचा भाग तितका वाचला जात नाहीं. प्राथमिक शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, शक्य तों शेतकरीवर्गांतला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातीं धरण्यास त्यानें लाजूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस असावा. ज्याचे विद्यार्थी अधिक संख्येनें उत्तीर्ण होतील, त्याला पगाराहून निराळा भत्ता मिळावा. आणि सर्वांत मार्मिक सूचना ही, कीं गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवज नोंदणें, टपाल, स्टांप विकणें अशीं कामें शिक्षकाकडे सोंपवावीं, म्हणजे गांवांत त्याचा दर्जा वाढेल. शिक्षकाला गांवांतून न उचलतां गांवांतच उंच करण्याची ही युक्ति होती. खात्यानें ती मनावर घेतली नाहीं.

तोरणा व राजगड हे किल्ले त्या काळीं पंत सचिवांच्या भोर संस्थानांत होते. संस्थान लहान, तेव्हां अधिकाराच्या जागाहि थोड्याच. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. ज्या वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेथील शिक्षकापुढें आज उपशिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी वाट आहे. कागदावर ती बरी दिसते. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेस स्वतंत्र मुख्याध्यापक मिळावयाचा, तर पट दीडशेंच्या वर हवा. डोंगरांतल्या वाडीवर इतकीं मुलें आणावयाचीं कोठून? तेथें दोन शिक्षक, आणि त्यांतील ज्येष्ठाकडे शाळेचा कारभार. काम मुख्याध्यापकाचें, पद उपशिक्षकाचें. पुढचीं पदें मिळालीं तर वर्ग सुटतो. २०१७ च्या बदली धोरणानें तर दुर्गम शाळांना ‘अवघड क्षेत्र’ असेंच नांव दिलें आणि तेथें तीन वर्षें काढणाऱ्याला बाहेर पडण्याचा अधिकार दिला. माणुसकीच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. पण तिसरीतल्या मुलाचा मास्तर त्यामुळें पुन्हा बदलतो.

फुल्यांच्या कल्पनेच्या जवळ जाणारी एक गोष्ट शंभर वर्षांनीं घडली. डी. पी. चट्टोपाध्याय ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षक आयोगानंतर १९८६ पासून बारा वर्षांच्या सेवेनें वरिष्ठ आणि चोवीस वर्षांच्या सेवेनें निवड वेतनश्रेणी आली. वर्ग न सोडतां पगार वाढण्याची ही सोय. शिक्षकवर्गांत तिला अजूनहि ‘चटोपाध्याय’ म्हणूनच ओळखतात. निवडश्रेणी मात्र शंभरांत विसांनाच मिळूं शकते.

गांवच्या कामांचें काय झालें, तेंहि पाहण्यासारखें आहे. जनगणना आणि निवडणूक हीं दोन कामें शिक्षकाकडे आलीं, आणि २००९ च्या कायद्यानेंहि तीं त्याच्याकडेच राहूं दिलीं. त्यासाठीं तो वाडीवाडीनें हिंडतो, घराघरांतील माणसें त्याला ओळखतात. बढतीच्या ज्येष्ठता यादींत त्या हिंडण्याची नोंद कोठेंहि होत नाहीं.