जुगाराचा विळखा : रायपूरमध्ये मदत कोठे मिळू शकते?

दिवाळीच्या रात्री पत्त्यांचा डाव मांडण्याची प्रथा छत्तीसगडमध्येही जुनी आहे. सणापुरता मांडलेला हा डाव घरच्यांच्या डोळ्यांसमोर चाले आणि पहाटे संपे. मोबाईलवरील सट्ट्याला मात्र पहाट नाही. 'महादेव' या सट्टा ॲपच्या प्रकरणामुळे २०२३ मध्ये भिलाई आणि रायपूर या शहरांची नावे देशभर चर्चेत आली. सक्तवसुली संचालनालयाने त्याच वर्षी रायपूरच्या विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल केले आणि ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने या ॲपसह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. या प्रकरणाच्या राजकीय बाजूवर बरेच लिहिले गेले. ज्या घरांतील पैसा गेला, त्यांच्याविषयी त्या मानाने कमीच.

रायपूरमध्ये भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे राहतात, तर नोकरी व शिक्षणासाठी आलेल्यांची त्यात भर पडत असते. घरातील कुणी जुगारात अडकल्याचे लक्षात आले, तर कोणते दार ठोठवावे, हा प्रश्न त्यांच्याप्रमाणेच इतरांनाही पडतो.

कायदा काय सांगतो?

'जुगार जपून खेळा' हा सल्ला मूळचा परवानाधारक जुगार चालणाऱ्या देशांतला. ब्रिटनमध्ये खेळाडू स्वतःचे नाव एका नोंदवहीत घालून सर्व परवानाधारक संकेतस्थळांवर स्वतःलाच बंदी घालून घेऊ शकतो. आपल्याकडे बेकायदा ॲपच्या बाबतीत असा कोणताही बांध नाही. छत्तीसगड विधानसभेने जानेवारी २०२३ मध्ये जुगार प्रतिबंधक विधेयक मंजूर केले. त्यात ऑनलाईन जुगारासाठी तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा पुन्हा घडल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारे विधेयक संमत केले. २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या केंद्रीय कायद्याचा रोख खेळ चालविणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैशांची ने-आण करणाऱ्यांवर आहे. खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे मदत मागितली तर आपणच गुन्हेगार ठरू, या भीतीने डॉक्टरांपासून दूर राहू नये. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

एका बाबतीत मात्र विशेष सावध राहावे. काही हजार रुपयांच्या मोबदल्यात स्वतःचे बँक खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड दुसऱ्याला वापरावयास देणारे तरुण सट्ट्याच्या साखळीत सापडतात. त्यांनी स्वतः एकही डाव लावलेला नसला, तरी तपास प्रथम त्यांच्याच दारी येतो.

आकड्यांचे गणित

मटक्याचे उदाहरण घ्यावे. शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एकावर पैसे लावले आणि तो लागला, तर सामान्यतः नऊपट रक्कम मिळते. कुणी दहाही आकड्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावले, तर त्याचे १००० रुपये जातील व हाती ९०० येतील. म्हणजे नशीब कितीही फिरले, तरी दर हजारामागे सरासरी १०० रुपये चालकाच्या खिशात पडतात. युरोपीय रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात. अचूक घराला ३५ पट बक्षीस व लावलेली रक्कम परत मिळते. तिथेही शंभरामागे सुमारे पावणेतीन रुपये कॅसिनोचे. हे झाले प्रामाणिक चक्राचे. बेकायदा ॲपमध्ये आज्ञावलीच चालकाच्या हाती असते. सुरुवातीला छोटे विजय मिळू देणे, हे तर तेथील नेहमीचे तंत्र आहे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

गोव्यातील कॅसिनो, राज्य सरकारची लॉटरी किंवा पुण्या-मुंबईतील घोड्यांच्या शर्यती, अशा कायदेशीर ठिकाणी जाणाऱ्यांनीही हे गणित ध्यानात ठेवावे. नाटकाच्या तिकिटाप्रमाणे, गेलीच तर गेली, अशीच रक्कम सोबत न्यावी. कार्ड घरी ठेवावे, उसने घेऊ नये, मद्यपान करून खेळू नये आणि ठरलेली वेळ संपताच उठावे. या नियमांपैकी एकही पाळता येत नसेल, तर प्रश्न नियमांचा उरलेला नाही, असे समजावे.

सवय केव्हा आजार ठरते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला स्वतंत्र स्थान आहे आणि ते व्यसनजन्य विकारांच्या गटात आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा जुगाराला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळ सुरूच राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत. यांतील सर्वांत घातक वळण म्हणजे हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे. पगार झालेल्या आठवड्यातच उसनवारी, रात्री उशिरापर्यंत स्नानगृहात मोबाईल, दागिना 'दुरुस्तीला' दिल्याची थाप, या खुणा घरच्यांना आधी दिसतात. अर्थ नंतर लागतो. कंपवातावरील काही औषधांमुळेही रुग्णाला जुगाराची अनावर ओढ लागू शकते. घरातील वयस्कर व्यक्ती अचानक लॉटरीच्या मागे लागली, तर ही बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

अशा वेळी घरातील मंडळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात : अबोला धरतात, नाही तर संपूर्ण कर्ज एकरकमी फेडून टाकतात. दुसरा उपाय मायेपोटी होतो, पण उपचार सुरू नसताना फेडलेले कर्ज पुढच्या डावाचे भांडवल ठरू शकते. त्यापेक्षा काही काळ पैशांचा व्यवहार विश्वासातील व्यक्तीकडे सोपवावा, यूपीआय व कार्डाची मर्यादा कमी करून घ्यावी, कर्ज देणारी ॲप काढून टाकावीत. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळतो. संबंधित व्यक्तीने तो घरच्यांसमोर उघडला, तर नावावर असलेली बँका व वित्तसंस्थांची कर्जे समोर येतात. सावकाराकडची उसनवारी त्यात दिसत नाही.

देण्याविषयी थोडे. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे. पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी बुकीला न्यायालयात दावा लावता येत नाही. बँकेचे कर्ज मात्र फेडावेच लागते. परंतु वसुलीसाठी बँकेच्या प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. सावकाराने धमकावल्यास छत्तीसगडमध्ये १९३७ चा ऋणको संरक्षण कायदा उपयोगी पडतो. नागपूर राजधानी असताना झालेला हा जुन्या मध्य प्रांताचा कायदा तेथील पोलीस 'कर्जा ॲक्ट' म्हणून ओळखतात. ऑनलाईन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम गोठविण्याची शक्यता कमी.

उपचार कोठे?

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक नि:शुल्क असून चोवीस तास चालतो. भाषा निवडता येते आणि नातेवाईकही बोलू शकतात. रायपूरमध्ये टाटीबंध येथील एम्स आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न डॉ. आंबेडकर रुग्णालय, ज्याला शहरात 'मेकाहारा' म्हणतात, या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयात 'स्पर्श क्लिनिक' या नावाने मानसिक आरोग्याचा कक्ष चालविला जातो. बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक रुग्णालय आहे. मात्र जुगाराच्या बहुतेक रुग्णांना दाखल करावे लागत नाही. विचार व वर्तन बदलण्यास साह्य करणारे समुपदेशन, हा उपचाराचा मुख्य भाग असतो. सोबत नैराश्य वा मद्यपान असल्यास त्यावर औषधे दिली जातात.

कर्ज उघडकीस आल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. 'माझ्यामागे तुमची सुटका होईल' अशा अर्थाचे बोलणे कानी आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. १४४१६ वर किंवा ११२ वर लगेच संपर्क साधावा, अथवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा जाताना घरातील एक व्यक्ती सोबत असावी. चालू औषधांची यादी आणि शक्य असल्यास गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे विवरण बरोबर न्यावे. किती गेले, हा आकडा रुग्णाला सांगणे जड जाते; कागद पुढे ठेवणे त्या मानाने सोपे असते.